मास्तर द्या, नाहीतर कुलूप घ्या

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. डोळ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी महिनाभर वाचू-लिहू नका म्हणून दम भरला होता. त्या रिकामपणात पुतणीचा फोन आला. ती चार वर्षांपासून फ्रान्सात, ल्यों नावाच्या शहरात असते. एरवी तिचा फोन म्हणजे थंडी आणि भाजीचे भाव. त्या दिवशी मात्र ती चिडलेली होती.

"काका, तुम्हाला खरं वाटणार नाही, पण इथंसुद्धा मास्तर नाहीत हो!"

तिच्या लेकाच्या वर्गाच्या बाई आजारी पडल्या. तीन आठवडे झाले तरी बदली कुणी आलं नाही. पोरांना दोन-दोन, तीन-तीन करून दुसऱ्या वर्गांत वाटून देतात. तिथली मुलं मागं बसून चित्रं रंगवतात. पालक शाळेच्या दारात उभे राहून एकच विषय बोलतात, शाळा पूर्वीसारखी राहिली नाही. तिनंच सांगितलं की 2022 साली पॅरिसजवळच्या वर्साय विभागात शिक्षक मिळेनात म्हणून अर्ध्या-अर्ध्या तासाच्या मुलाखती घेऊन माणसं भरली. लोकांनी त्यावर खूप टीका केली. अर्ध्या तासात मास्तर होतो का, म्हणून.

मी फोनवरच हसलो. ती म्हणाली, "हसताय काय काका?" आता तिला काय सांगू? आमच्या नांदेड-लातूरकडं हा प्रश्न शंभर वर्षांचा आहे. तिच्या आजोबांपासूनचा. तेव्हा फोनवर जे सांगता आलं नाही ते इथं लिहितो. ती वाचेलच.

आमचा अहमदपूर तालुका निजामाच्या राज्यात बिदर जिल्ह्यात होता. 1956 साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा तो उस्मानाबादेत आला आणि 1982 साली लातूर जिल्हा झाला तेव्हा लातुरात. (गाव तिथंच, जिल्हा तेवढा फिरत राहिला.) वडील 1930 च्या दशकात शिकले. त्यांच्या तोंडी शाळेचे शब्द सगळे उर्दू. प्राथमिक म्हणजे तहतानिया, मिडल म्हणजे वस्तानिया, हायस्कूल म्हणजे फौकानिया आणि मास्तर म्हणजे मुदर्रिस. खालच्या वर्गात थोडंफार मराठी, वर गेलं की सगळं उर्दूतून. हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ 1918 साली निघालं तेच मुळी उर्दू माध्यमाचं. वडील शेवटपर्यंत दुकानातला हिशेब उर्दूतूनच पुटपुटत आणि उत्तर मराठीत लिहीत. वस्तानियाच्या पुढं ते गेले नाहीत. फौकानिया जिल्ह्याच्या गावी, आणि तिथं ठेवायला पैसा कुणाकडं?

त्या काळी लोकमत वगैरे मोजायला कुणी येत नव्हतं. सभा घ्यायची तर परवानगी, खाजगी शाळा काढायची तरी परवानगी. तरी लोकांना काय वाटत होतं ते कळायला जागा आहे. वाटत नसतं तर माणसांनी पदरमोड करून शाळा काढल्या नसत्या. उस्मानाबाद जिल्ह्यात हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा 1921 ची. अंबाजोगाईची योगेश्वरी, गुलबर्ग्याचं नूतन विद्यालय, आमच्या नांदेडचं प्रतिभा निकेतन, ही सगळी त्याच भुकेची लेकरं. स्वामी रामानंद तीर्थ आज पुतळ्यात आणि विद्यापीठाच्या नावात दिसतात, पण ते आधी मास्तर. हिप्परग्याला मुख्याध्यापक, मग अंबाजोगाईला. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचा पुढारी शाळामास्तर होता ही गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगायचो. पोरं दरवर्षी माझ्याकडं संशयानं बघायची.

17 सप्टेंबर 1948 ला संस्थान भारतात आलं. त्यानंतर काय झालं ते पुस्तकात दोन ओळींत येतं, घरात मात्र वर्षानुवर्षं बोललं जाई. शाळा मराठी करायच्या ठरल्या, पण मराठीतून शिकवणारा आणायचा कुठून? शिकलेले सगळे उर्दूतून शिकलेले. 1951 च्या जनगणनेत हैदराबाद राज्याची साक्षरता दहा टक्क्यांच्या आत होती. दहात एकालाही धड वाचता येत नाही, त्यातून मास्तर शोधायचे! सातवी पास झालेला पोरगा गुरुजी म्हणून रुजू व्हायचा आणि त्याच्या वयाची पोरं चौथीत त्याच्यासमोर बसायची. बाकीचे आले घाटावरून, सोलापूर-पुण्याकडून.

माझे पहिले गुरुजी असेच साताऱ्याकडचे. 1958 साली मी पहिलीत गेलो तेव्हा शाळा मारुतीच्या देवळात भरायची आणि गुरुजी देवळामागच्या खोलीत राहायचे. त्यांची भाषा आम्हाला कळायची नाही, आमची त्यांना. आम्ही "कामून" म्हणालो की ते हसायचे. पण गावानं त्यांना जीव लावला. जोंधळा, तूर, दूध, काही विकत घ्यावं लागलं नाही. आणि शाळेच्या दर्जाविषयी गावाचं मत विचाराल तर ते एकाच प्रश्नात होतं: "गुरुजी मारतेत का?" मारतात म्हणजे शिकवतात. आज हे लिहिताना बरं वाटत नाही, पण तेव्हाची मोजपट्टी तीच होती.

नांदेडला 1950 साली पीपल्स कॉलेज निघालं, त्याच सुमारास औरंगाबादेत डॉ. बाबासाहेबांनी काढलेलं मिलिंद. 1958 साली मराठवाडा विद्यापीठ. आता शिकायला हैदराबादेला जायची गरज उरली नाही आणि दहा-पंधरा वर्षांत आमच्याच मातीतले मास्तर तयार होऊ लागले. नरहर कुरुंदकरांचं नाव न घेता नांदेडचा माणूस पुढं जाऊ शकत नाही, मीही जाणार नाही. इंटरला नापास झालेला हा माणूस प्रतिभा निकेतनमध्ये शाळामास्तर झाला, पदव्या नंतर घेतल्या आणि अखेर पीपल्स कॉलेजचा प्राचार्य झाला. 1982 साली व्याख्यानाच्या व्यासपीठावरच गेले. आजच्या पवित्र पोर्टलवर त्यांचा अर्ज पहिल्याच पानावर अडला असता. पात्रता परीक्षा नको असं मला म्हणायचं नाही. पण आठवण झाली की गंमत वाटते.

असो. मी स्वतः 1976 साली नांदेड जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या खाजगी अनुदानित हायस्कूलात लागलो. बी.ए., बी.एड., विषय मराठी आणि इतिहास. रुजू झाल्याला दीडच वर्ष झालं आणि सरकारी कर्मचाऱ्यांचा तो 54 दिवसांचा संप आला. आम्ही शिक्षकही त्यात होतो. गाव चिडलं असेल असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. लोक म्हणाले, गुरुजींचंही पोट आहे. मास्तर या माणसाला तेव्हा एवढी पत होती. ती पुढं कशी गेली, त्यात माझा वाटा किती, हे लिहायलाच आज बसलोय. बाकी प्रस्तावना.

1996 साली आमचे गणित-विज्ञानाचे सर दुसरीकडं गेले. जागा भरायला मान्यता हवी. बिंदुनामावली, अनुशेष, अतिरिक्त शिक्षकांची यादी, एक कागद पुढं सरकला की दुसरा मागं यायचा. पहिलं वर्ष गेलं, दुसरं गेलं. दहावीचं गणित शिकवणार कोण? हेडमास्तरांनी माझ्याकडं बघितलं. मी इतिहासाचा माणूस. रात्री गाईडमधून गणितं पाठ करायचो आणि सकाळी फळ्यावर लिहायचो. एखाद्या पोरानं "सर, हे असं का?" विचारलं की मी म्हणायचो, "पुढं कळेल." पुढं कधी कळायचं? मलाच कळलेलं नव्हतं.

मार्च आला. आमच्याकडच्या परीक्षा त्या काळी कशा व्हायच्या ते इथल्या माणसाला सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगतो. केंद्राभोवती जत्रा भरायची. भिंतीवर माणसं, झाडावर माणसं, खिडकीतून चिठ्ठ्या. गणिताच्या पेपरला तर अर्ध्या तासात उत्तरं बाहेरून आत यायची. माझ्या वर्गावर मी पर्यवेक्षक. पहिल्या दिवशी मी एक चिठ्ठी पकडली आणि फाडली. संध्याकाळी गावातले चार जाणते लोक घरी आले. शिवीगाळ नाही, आवाज नाही. त्यातले एक म्हातारे म्हणाले, "गुरुजी, सरकारनं मास्तर दिला नाही. तुम्ही शिकविलं, पण तुम्हाला तरी कुठं येतंय? मग लेकरानं लिवायचं कशाच्या जोरावर?"

मला उत्तर सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी मी खिडकीबाहेर बघत उभा राहिलो. तीन तास. आणि त्यानंतर तेरा वर्षं, दर मार्चला.

वर्तमानपत्रात लिहिलं जायचं की मराठवाड्यातल्या लोकांना शिक्षणाची चाड नाही, त्यांना नुसते मार्क हवेत. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. ज्या शाळेत सगळे शिक्षक होते आणि शिकवत होते, तिथंही कॉपी व्हायची, हे कबूल. सवय लागली होती. पण सुरुवात कुठून झाली असं मला विचाराल तर मी रिकाम्या जागेकडं बोट दाखवीन. लोकांनी हिशेब केला होता. शाळा शिकवत नसेल तर निदान तिनं आडवं तरी येऊ नये. हा हिशेब वाईट होता, पण तो अडाण्याचा नव्हता.

त्याच वर्षांत शंभर-सव्वाशे किलोमीटरवर लातुरात उलटंच चाललं होतं. शाहू कॉलेज, दयानंद कॉलेज यांची मुलं बारावीच्या गुणवत्ता यादीत झळकू लागली. 'लातूर पॅटर्न' हा शब्द पुण्या-मुंबईच्या पेपरांत आला. मी मुद्दाम जाऊन बघून आलो होतो. तिथं जादू काही नव्हती. हुशार मुलं निवडून घ्यायची, तासाला शिक्षक हजर, वेळेआधी अभ्यासक्रम पुरा आणि मग परीक्षेमागून परीक्षा, सुट्टीतसुद्धा. 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतरही ते थांबलं नाही. पुढं बोर्डानं गुणवत्ता याद्याच बंद केल्या, मग नीट आली, पॅटर्न कॉलेजातून क्लासच्या इमारतींत गेला. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या जूनमध्येही पोरं ट्रंका घेऊन आलीच. पाणी नसलं तरी चालेल, मास्तर आहे ना! लोकांचं मत बघायचं असेल तर लातूरच्या खोल्यांची भाडी बघावीत. माझा एक नातूही तिथं दोन वर्षं राहिला. खोटं कशाला बोलू, फी मीच भरली.

पण लातूर पॅटर्न आमच्या खेड्यातल्या पोराच्या कामाचा नव्हता. तो दहावी उत्तम झालेल्यांसाठी. दहावीचं गणित शिकवायला माणूस नसलेल्यांसाठी नव्हे.

2010. माझं निवृत्तीचं वर्ष. नांदेडला जिल्हाधिकारी म्हणून डॉ. श्रीकर परदेशी आले होते आणि त्यांनी कॉपीमुक्तीचं काम हाती घेतलं. गावोगाव सभा, पालकांच्या बैठका, केंद्रांवर बैठी पथकं. मुख्याध्यापकांना स्पष्ट सांगितलेलं. पहिल्यांदा आम्ही सगळे हसलो. असले साहेब येतात आणि जातात. फेब्रुवारीत कळलं की हे हसण्यावारी जाणार नाही. मी त्या वर्षी केंद्रावर होतो. भिंतीवर कुणी नाही, झाडावर कुणी नाही. वर्गात पंख्याचा आवाज ऐकू येत होता. माझ्या 34 वर्षांच्या नोकरीत असली शांत परीक्षा मी पाहिली नव्हती. छाती भरून आली, हेही सांगतो.

आणि समोर बसलेली पोरं गणिताच्या पेपरात कोरी पानं सोडून उठत होती. त्यांना गणित शिकवलं होतं मी. मधल्या काळात गणिताचे एक सर येऊन गेले होते, पण शेवटची दोन वर्षं पुन्हा जागा रिकामी आणि पुन्हा मीच.

निकाल लागला. जिल्ह्याचा कोसळला, आमच्या शाळेचा तर 46 पैकी 9. आदल्या वर्षी 44 पैकी 41 होते. मी तोवर निवृत्त होऊन नांदेडात घर लावत होतो. दोन पालक शोधत आले. एकजण म्हणाला, "सर, जाता जाता आमच्या लेकरांचं वाटोळं केलंत." दुसरा काहीच बोलला नाही, पाणी पिऊन गेला. बायको म्हणाली, तुम्ही नियमानंच वागलात. हो, त्या एका वर्षी. आधीची तेरा वर्षं नियमानं वागलो असतो, पहिल्याच वर्षी कोरी पानं वर गेली असती, तर कदाचित गणिताचा मास्तर मिळाला असता. कोऱ्या पानांइतकी चांगली तक्रार दुसरी नव्हती आणि ती आम्ही दरवर्षी भरून पाठवत होतो. हे मला त्या उन्हाळ्यात कळलं. चाळीस टक्के मोकळं झालेलं डोकं घेऊन मी किती रात्री गच्चीवर फेऱ्या मारल्या ते आमच्या घरातल्यांना माहीत आहे.

त्यानंतरचं झटपट सांगतो, कारण ते तुम्ही पाहिलंय. नांदेडातच पटावरची पोरं खरी आहेत का ते तपासायला सुरुवात झाली आणि मग 3 ते 5 ऑक्टोबर 2011 असे तीन दिवस अख्ख्या राज्यात पटपडताळणी झाली, पोरांच्या बोटांना शाई लावून. लाखो नावं नुसती कागदावर निघाली. पोरं नाहीत तर त्यांच्यावरचे शिक्षकही जास्तीचे. मे 2012 मध्ये भरती थांबली. चोर पकडला हे चांगलंच झालं, पण शिक्षा भोगली भलत्यांनी. आमच्याकडं जमीन विकून डी.एड. केलेली पोरं घरोघर होती. 2000 सालापासून तीन हजार रुपये महिन्यावर 'शिक्षण सेवक' व्हायलाही ती तयार होती. आता तेही नाही. ती टीईटी देत राहिली. पवित्र पोर्टल 2017 चं, भरतीच्या याद्या 2019 च्या. मधे टीईटीतलाच घोटाळा निघाला आणि 2022 मध्ये साडेसात हजारांहून जास्त उमेदवार बाद झाले. एका बाजूला शिक्षकाविना शाळा, दुसऱ्या बाजूला शाळेविना शिक्षक. जुलै 2023 मध्ये शासनानं निवृत्त शिक्षकांना वीस हजारांवर बोलावलं, वयाची अट सत्तर. मी एका वर्षानं हुकलो! (बायकोला आनंद झाला.)

आता गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. ज्या गावी मी नोकरी केली तिथून फोन आला. तिथल्या प्राथमिक शाळेत सात वर्ग आणि दोन शिक्षक. त्यातले एक मतदार यादीच्या कामावर. गावानं शाळेला कुलूप ठोकलं होतं. फोन करणारा म्हणाला, "सर, तुम्ही या. दारात नुसतं बसा." मी नाव विचारलं. त्यानं नाव सांगितलं आणि पुढं म्हणाला, "2010 ची बॅच."

म्हणजे त्या 37 पैकी एक.

गेलो. शाळेच्या फाटकासमोर सतरंजी टाकलेली, वीस-पंचवीस पालक, बायका जास्त. पोरं फाटकाच्या सळ्यांवर चढून खेळत होती. तो पुढं आला, पाया पडला. आता दुधाचा धंदा करतो, लेकरू तिसरीत. मी म्हटलं, "तुझं गणित माझ्यामुळं राहिलं रे." तो म्हणाला, "ते जाऊ द्या सर. मी नंतर ऑक्टोबरला बसलो, मग सोडून दिलं. पण माझ्या पोराला भागाकार येत नाही. मला बी शिकविता येत नाही."

मी चार तास बसलो. पंचायतीनं चहा दिला. दुपारी साहेब आले, बोलणी झाली, आठ दिवसांत शिक्षक देऊ म्हणाले. कुलूप निघालं. आणि खरोखर नवव्या दिवशी एक तरुण गुरुजी आले, प्रतिनियुक्तीवर. मुलगा चांगला आहे, गणितात एम.एस्सी. आहे. मी त्याला भेटलो. शेजारच्या तालुक्यातल्या एका तांड्यावरच्या शाळेतून त्याला काढून इथं दिलंय. तिथं आता कोण आहे म्हणून मी विचारलं.

"कुणी नाही सर. परवा त्यांनीही कुलूप लावलं."

पुतणीचा परवा पुन्हा फोन आला. तिच्या लेकाच्या वर्गावर बदली बाई आल्या आहेत, नाताळपर्यंत. मी तिला तांड्याचं सांगितलं. थोडा वेळ ती काही बोलली नाही, मग तिनं विचारलं, "काका, मग त्या तांड्यावर तुम्ही जाताय का?"

नांदेडहून सकाळी साडेसहाची एसटी आहे. डॉक्टर म्हणतात डोळ्याला अजून पंधरा दिवस धूळ नको. मी भागाकाराचं पुस्तक मात्र काढून ठेवलंय. या खेपेला गाईड नव्हे.